नवव्या पानावरचे चार होकार

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या जोतो वर्क्सच्या संचालिका मॅडम न्जांबी गाचांजा, प्रमुख पाहुण्या, ज्यांच्या नवजात विभागात आपले आठ वॉर्मर या घटकेला चालू आहेत, त्या मेट्रन सिस्टर केरुबो न्यामवेया, ज्यांच्या निरोपासाठी हा मंडप घातला ते सत्कारमूर्ती, म्वालिमू जस्टस मुसेंबी, त्यांच्या पत्नी मामा म्वेंदे, ज्या पहाटे माकुएनीहून निघाल्या आणि एवढ्या घाईतही आपल्यासाठी आंब्यांचं पोतं आणायला विसरल्या नाहीत, पुढच्या रांगेतले भागीदार, जोडणी विभागाच्या मामा चेलिमो आणि त्यांच्या सगळ्या भगिनी, ड्रायव्हर मंडळी, आणि मागे पिलावाच्या पातेल्याजवळची जागा धरून बसलेले माझे वर्कशॉपमधले सोबती. कुणाचं नाव राहिलं असेल तर मान पोचला असं समजावं, ही विनंती.

आपले सूत्रसंचालक मुगांबी यांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे, ‘नवे डिझाइन प्रमुख श्री. फानुएल ओडेरा यांचे मनोगत.’ मला तीनपेक्षा जास्त लागतील. मॅडम, परवानगी आत्ताच मागून घेतो, कारण थोड्या वेळाने मागितली तर मिळायची नाही. बाहेर ट्रक उभा आहे. त्यात लाल फिती बांधलेले बारा नवे वॉर्मर आहेत. जेवणं झाली की सिस्टर फीत कापणार आणि ट्रक निघणार. म्हणजे माझ्या हातात जेवणापर्यंतचा वेळ आहे.  

सकाळी चहाच्या वेळी मंदाझीचा तुकडा मोडत सिस्टर मला म्हणाल्या, “काय रे, तुमचे हे म्वालिमू नेमकं करतात तरी काय? मी त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, मी वाचतो. वाचतो म्हणजे? वाचायचा पगार मिळतो होय तुमच्याकडे?”

सिस्टर, तुमचा प्रश्न रास्त आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऊब देणारी ही खाट आम्ही बनवतो. तिच्या पोटात हिरवी पाटी असते, तिला आम्ही बोर्ड म्हणतो. तो बोर्ड होण्याआधी कागदावर सर्किटचा नकाशा काढतात. नकाशात एवढंच असतं, की कोणाची गाठ कोणाशी. कोण कुठे उभं राहील, तार कुठल्या वाटेने जाईल, हे त्यात नसतं. मग हा नकाशा बोर्ड आखायच्या प्रोग्रॅममध्ये न्यायचा. त्याला एक बटण आहे. बटण दाबलं की बसच्या टपावरून सामान खाली टाकावं तसे सगळे भाग पडद्याच्या कोपऱ्यात येऊन पडतात, आणि एकमेकांना बारीक धाग्यांनी बांधलेले असतात. तिथून पुढे ते धागे सोडवत महिनाभर बसायचं. हे माझं काम.

आणि म्वालिमूंचं काम? नकाशातलं सगळं बोर्डावर खरोखर आलं का, हे वाचायचं. प्रोग्रॅम स्वतः सांगतो की सगळं आलं. म्वालिमूंचा प्रोग्रॅमवर विश्वास नाही. ते आमच्याकडे आले ते तंत्रशाळेतली तीस वर्षांची मास्तरकी करून, म्हणून तर सगळे त्यांना म्वालिमू, मास्तर, म्हणतात. बोर्ड हाताने आखायचे, चिकटपट्ट्या कापून फिल्मवर लावायचे, त्या काळातला माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नियम घातला. बोर्डाचं खऱ्या मापाचं चित्र कागदावर छापायचं. दोघांनी टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं. एकाने नकाशातली एकेक तार मोठ्याने वाचायची, “आर सतरा, पाय पहिला. यू तीन, पाय सहावा.” दुसऱ्याने त्या चित्रावर दोन्ही टोकांवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “इपो.” आहे. बोट टेकल्याशिवाय इपो म्हणायचं नाही. टेबलावर चहा आणायचा नाही. कोणी हसलं तर पान पहिल्यापासून.

तुम्ही सगळ्यांनी यावर किती दात काढलेत ते मला आठवतंय. मामा चेलिमो दारातून ओरडायच्या, “काय म्वालिमू, आज कुठला अध्याय?”

“पान तिसरं,” म्वालिमू मान वर न करता म्हणायचे. “बस इथे. आमेन कधी म्हणायचं ते तुलाही सांगतो.”

“नको ग बाई! माझ्याकडे दोनशे बोर्ड पडलेत. तुमचं पारायण होईस्तोवर माझी नातवंडं शाळेत जातील.”

“जातील तर जातील. पण शाळेत जाण्याएवढी ती वाढली, ते कोणाच्या तरी वाचण्यामुळे,” असं म्वालिमू म्हणायचे, आणि आपण सगळे हसायचो. मी तर सगळ्यात मोठ्याने हसायचो. त्या टेबलाशी बोट ठेवणारा मी होतो. सहा वर्षं. माझ्या या उजव्या हाताच्या बोटाला म्वालिमूंनी कामाला लावलं, तेव्हा मला साधा रोध कुठला आणि डायोड कुठला हे चाचपडत ओळखावं लागायचं. आज मी जो काही आहे तो त्या टेबलामुळे आहे, हे मला सर्वांदेखत सांगायचंय. टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत.

आता या वॉर्मरकडे येतो. बाळाच्या पोटावर एक सेन्सर चिकटवलेला असतो. बाळ थंड पडलं तर तो यंत्राला सांगतो, तापव. ऊब पुरेशी झाली की सांगतो, थांब. हा पहिला राखणदार. पण बाळ हातपाय हलवतं, घाम येतो, चिकटपट्टी सुटते. सेन्सर दुपट्याच्या घडीत जाऊन पडला, तर त्याला वाटतं बाळ गारठलंय, आणि तो सांगत राहतो, तापव, तापव. म्हणून नकाशात दुसरा राखणदार होता. नाव टीएस दोन. तांदळाच्या दाण्याएवढा, चार पायांचा भाग. त्याचा पहिल्याशी काही संबंध नाही. त्याचं काम एकच, खाट एका मर्यादेबाहेर तापली की कोणालाही न विचारता वीज तोडायची. नकाशाच्या नवव्या पानावर तो होता. तो तिथे म्वालिमूंनीच हट्टाने घालायला लावला होता.

होता असं मी का म्हणतोय, हे मॅडमच्या लक्षात आलेलं दिसतंय. मॅडम, मी बसणार आहे, पण अजून थोड्या वेळाने.

फेब्रुवारीतला तो शुक्रवार. चिनी नववर्षाच्या सुट्टीसाठी चीनमधला आपला बोर्डांचा कारखाना त्या संध्याकाळी बंद होणार होता, आणि तो तीन आठवडे उघडणार नव्हता. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली दुपार. बारापर्यंत फाइल गेली नाही तर सगळं महिनाभर पुढे. सकाळपासून वीज नव्हती. आम्ही खिडकीशी टेबल ओढून वाचत होतो. साडेदहा वाजता आठ पानं झाली. नववं उरलं.

त्याच्याही चार दिवस आधीचं सांगतो, म्हणजे माझ्या चुकांचा पाढा पुरा होईल. नकाशा प्रोग्रॅममध्ये नेला तेव्हा त्याने एकसष्ट तक्रारी दाखवल्या होत्या. दर वेळी दाखवतो. या भोकाला नाव नाही, त्या चिन्हाला तार नाही, अशा. त्यांतली एक तक्रार होती की टीएस दोनला फुटप्रिंट नाही. फुटप्रिंट म्हणजे बोर्डावर त्या भागाच्या पायांचा ठसा. तो भाग नव्या कंपनीचा होता, त्याचा ठसा काढायचा माझ्याकडून राहिला होता. ज्याला ठसा नाही त्याला प्रोग्रॅम बोर्डावर घेतच नाही. बाहेर ठेवतो आणि यादीत एक ओळ लिहितो. मी पहिल्या दहा ओळी पाहिल्या, नेहमीच्याच दिसल्या, आणि खाली ‘ठीक आहे’ दाबलं. मंडळी, या इमारतीत एक तरी माणूस दाखवा ज्याने ते बटण न वाचता कधी दाबलं नाही! पण ती चूक पकडण्यासाठीच ते टेबल होतं. त्या टेबलाने ती पकडलीही असती.

म्वालिमूंनी नववं पान वाचायला घेतलं. माझा फोन टेबलाखाली थरथरला. मॅडमचा संदेश होता. ‘झालं का?’ मी उत्तर लिहायला लागलो. उजव्या हाताने. याच बोटाने.

म्वालिमूंनी वाचलं, “टीएस दोन, पाय पहिला.”

मी म्हटलं, “इपो.”

“टीएस दोन, पाय दुसरा.”

“इपो.”

“पाय तिसरा.”

“इपो.”

“चौथा. यू सातच्या नवव्या पायाला.”

“इपो, म्वालिमू.”

ते थांबले. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. चष्म्यावरून पाहत म्हणाले, “ओडेरा, बोट ठेवलंस ना?”

मी म्हटलं, “ठेवलंय की.”

ते माझ्यावर विश्वास ठेवून पुढे वाचू लागले. शेवटी त्यांनी सही केली. त्या कागदावर सहीची जागा एकच आहे, वाचणाऱ्याची. तो नियमही त्यांचाच. वाचणाऱ्याने सही करायची, म्हणजे तो बोट ठेवणाऱ्यावर नजर ठेवील. पावणेबाराला फाइल गेली. मॅडमनी सगळ्यांना सोडा पाजला. मी दोन बाटल्या प्यायलो.

मुगांबी, माईक काढून घेऊ नकोस. मित्रा, तुझं बाळ मागच्या वर्षी अशाच खाटेवर होतं. जुन्या खाटेवर होतं म्हणून तू आज सूत्रसंचालन करतोयस. दोन पावलं मागे सरक.

मार्चमध्ये बोर्ड आले. चाळीस. दुसरा राखणदार नसला तरी खाट मुकाट चालते. राखणदार चोर येईपर्यंत ओरडत नाही, त्यामुळे तो मुळातच नाही हे कोणाला कळणार? चाचणीचा तक्ता मी बनवला होता, आणि तोही बोर्डावरून बनवला, नकाशावरून नाही. जे बोर्डावर नव्हतंच, ते तपासायला कोण सांगणार!

पण मामा चेलिमोंना कळलं. पूर्ण नाही, पण कळलं. मामा, तुम्ही मान खाली घालू नका, तुमचा यात काडीचा दोष नाही. एप्रिलमध्ये त्या माझ्याकडे एक पाकीट घेऊन आल्या. “ओडेरा, हे चाळीस दाणे उरलेत बघ. चाळीस बोर्ड, चाळीस दाणे. कुठे लावायचे?”

पाकिटावर छापलं होतं, टीएस दोन. त्या क्षणी मला सगळं कळलं.  मला तो शुक्रवार आठवला, तो फोन आठवला, ते चार होकार आठवले. खाटा अजून आपल्याच अंगणात होत्या. एकही बाहेर गेली नव्हती. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

मी म्हटलं, “जादा आलेत मामा. पुढच्या खेपेला लावू.”

“असं होय,” म्हणून त्या गेल्या. ते पाकीट मी खणात टाकलं. का टाकलं? चाळीस बोर्ड भंगारात गेले असते, देणगीदारांना कबूल केलेली तारीख टळली असती, आणि सगळ्यांनी मला विचारलं असतं. मी घाबरलो. यापेक्षा भारदस्त कारण मी आठ महिने शोधतोय, मला सापडलेलं नाही. हे ते पाकीट. सिस्टर, हे तुमच्यासमोर टेबलावर ठेवतो. मोजून घ्या, चाळीसच्या चाळीस आहेत.

सप्टेंबरमध्ये काय झालं ते इथे निम्म्या लोकांना ठाऊक आहे, पण ‘नर्सच्या चुकीने एक घटना घडली’ एवढंच ठाऊक आहे. चुकी नर्सची नव्हती. दीड किलोची मुलगी होती. सेन्सर सुटून दुपट्यात गेला. खाट तापत राहिली. सिस्टर कगेहा नावाच्या त्या नर्सने पलीकडच्या बाळाला औषध देऊन वळताना सहज गादीखाली हात घातला, आणि तो चटकन मागे घेतला. तिने मुलीला उचललं. मुलीची पाठ भाजली होती. ती जगली. मुलगी जगली हे दोनदा सांगतो, कारण मी रोज सकाळी उठून स्वतःला तेच सांगतो. सिस्टर कगेहाला मात्र, पट्टी नीट चिकटवली नाही म्हणून, लेखी ठपका मिळाला आणि त्या विभागातून काढण्यात आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

ते यंत्र परत आलं. म्वालिमूंनी ते स्वतः उघडलं. भिंग लावून बराच वेळ बसले. मग मला हाक मारली.

“अरे ओडेरा, ये जरा. टीएस दोन कुठाय?”

मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

“नकाशात आहे. हे बघ, नववं पान. बोर्डावर नाही. ठसाच नाही. मग आपण वाचताना...” ते थांबले. तो कागद त्यांनी डोळ्यांजवळ घेतला. मला वाटलं, आता वर बघतील, आता माझ्या डोळ्यात बघतील, आणि सगळं संपेल. त्यांनी वर पाहिलंच नाही. म्हणाले, “मी ओळ गाळली असणार. वय झालं रे. डोळा एक ओळ सोडून खाली उतरला असेल.”

तुम्ही ऐकलंत? माझ्यावर संशय घ्यावा हे त्यांच्या मनातही आलं नाही. ज्याचं बोट सहा वर्षं आपल्यासमोर होतं तो खोटं इपो म्हणेल, यापेक्षा आपली अक्कल आपल्याला सोडून गेली हे त्यांना जास्त पटलं. आणि मी त्यांना पाण्याचा पेला आणून दिला. काय माणूस आहे मी!

त्यांनी मॅडमना पत्र लिहिलं. सगळी यंत्रं परत मागवा, चूक माझी आहे. मॅडमनी मला बोलावलं. इथे मी मॅडमवर अन्याय करणार नाही. त्यांनी चहाचा मळा विकून ही कंपनी उभी केली, चौतीस घरांची चूल यावर पेटते. त्यांनी सरळ विचारलं, “ओडेरा, मला यातलं समजत नाही. तू खरं सांग. तो भाग नसला तर चालतं का?” त्या घटकेला त्या माझ्याकडे सुटकेसाठी पाहत होत्या, हे खरं. पण मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हेही तितकंच खरं. मी लिहून दिलं, ‘दुसरा राखणदार ऐच्छिक आहे, पहिला पुरेसा आहे.’ खाली माझी सही. मॅडम, तो कागद तुमच्या कपाटात आहे. तो खोटा आहे. तुम्ही ज्या भरवशावर आजवर शांत झोपलात तो भरवसा मी तुम्हाला खोटा दिला.

त्या कागदाच्या बदल्यात आज मी डिझाइन प्रमुख आहे, आणि म्वालिमू निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच घरी चाललेत. निरोपाची भेट म्हणून मिळालेली घोंगडी, कुदळ आणि ढकलगाडी घेऊन.

मामा म्वेंदे, सकाळी मंडपाबाहेर तुम्ही मला बाजूला घेऊन जे विचारलंत, त्यामुळे मी हे बोलतोय. नाहीतर मी कागदावर लिहून आणलेलं गोडगोड भाषण वाचून पिलाव खाल्ला असता. तुम्ही म्हणालात, “बाबा, ऑफिसात यांचं काही बिनसलं का? घरी आले की रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट तीनदा वाचतात, आणि मग माझ्या हातात देऊन म्हणतात, तू वाच, माझा भरवसा नाही. चर्चमध्ये वचन वाचायला उभे राहायचे, ते सोडलं. पत्रं मला वाचायला लावतात. डॉक्टर म्हणतात डोळे चांगले आहेत. मग कशाला घाबरतात?”

मी तुम्हाला म्हटलं, “थकलेत हो, विश्रांती घेतली की होईल ठीक.” तेव्हाही खोटंच बोललो. सवय लागते.

म्वालिमू. माझ्याकडे बघा. तुमच्या तोंडावर हे सांगायला मला आठ महिने लागले आणि माईक लागला. तुम्ही ओळ गाळली नव्हती. तुम्ही ती वाचलीत. चारही पाय वाचलेत, एकेक करून, स्पष्ट. चौथ्यानंतर थांबून मला विचारलंतही. तुमचे डोळे ठीक आहेत, तुमचं डोकं ठीक आहे. माझं बोट चित्रावर नव्हतं. बोट फोनवर होतं. ही पोकळी तुम्ही स्वतःमध्ये शोधत बसलात, ती तिथे कधीच नव्हती. घरी गेलात की गोळ्या स्वतः वाचून घ्या.

मॅडम, “ओडेरा, पुरे झालं,” हे तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं. तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ही जागा नव्हे, ही वेळ नव्हे. पण योग्य जागा कुठली होती? तुमच्या केबिनमध्ये मी गेलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, सोमवारी बघू. आणि खरं सांगतो, मी स्वतःही आनंदाने सोमवारी बघू म्हटलं असतं. मी स्वतःला चांगला ओळखतो. ट्रक आज निघतोय.

सिस्टर केरुबो, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही पाहुण्या आहात, तुमचा सत्कार व्हायचाय, आणि मी तुम्हाला कामाला लावतोय, याची मला लाज वाटते. पण तुमच्या विभागात आठ खाटा आहेत आणि आठही खाटांना दुसरा राखणदार नाही. हात जोडून सांगतो, आत्ता, इथूनच, फोन लावा. आठही बंद करायला सांगा. बाळांना आयांच्या छातीशी बांधा, तुम्हाला ते माझ्यापेक्षा शंभर पटींनी जास्त माहीत आहे. जुन्या खाटा असतील तर त्या काढा. उठलात? धन्यवाद. त्या बाजूच्या दाराने जा, तिकडे आवाज नीट येतो.

आणि बाकीचे तुम्ही. चाळीसपैकी बारा बाहेर ट्रकमध्ये आहेत, एक आमच्या टेबलावर उघडं पडलंय. सत्तावीस खाटा चालू आहेत. आठ सिस्टरांच्या. एकोणीस राहतात, सात इस्पितळांत. प्रत्येकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे ना? ती काल मी छापून आणली. मॅडमनी पुढची बाजू पाहून मंजूर केली होती. आता ती उलटा. प्रत्येकीच्या मागे त्या सातांपैकी एका इस्पितळाच्या नवजात विभागाचा नंबर आहे आणि तिथे आपल्या किती खाटा आहेत तो आकडा आहे. एका नंबरावर आठ-दहा जण पडतील. पडू देत, एकाला लागला नाही तर दुसऱ्याला लागेल. काय सांगायचं ते खाली लिहिलंय, तेवढंच सांगा. बंद केली असं समोरच्याने म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. ड्रायव्हर मंडळी, ट्रकची किल्ली कोणाकडे आहे? ती म्वालिमूंच्या हातात द्या. मॅडम हरकत घेणार नाहीत. त्या स्वतःच पत्रिका उलटून बघताहेत.

यानंतर माझं काय करायचं ते मॅडमनी ठरवावं. पोलिसांकडे जायचं असेल तर मी स्वतःच्या पायांनी येईन. कंपनी राहील की जाईल, मला माहीत नाही. चौतीस घरांचं काय होईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुमच्यापैकी कोणी उद्या रस्त्यात माझ्याशी बोललं नाही तर मला त्याचा राग यायचा नाही.

सिस्टर दारातून बोटं दाखवताहेत. सहा बंद झाल्या. सात... थांबा. आठ. देवा.

तर, शिष्टाचाराप्रमाणे आभार मानायला हवेत. अध्यक्षांचे, की त्यांनी मला बोलू दिलं, जरी बोलू द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. प्रमुख पाहुण्यांचे, की त्या सत्काराआधी उठल्या. मामा म्वेंदे यांचे, की त्यांनी सकाळी विचारलं. म्वालिमूंचे आभार मानायला माझं तोंड नाही, म्हणून मानत नाही. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळेचं भान सुटलं असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर तेवढं आपण मोठ्या मनाने पोटात घालावं. नववं पान मात्र कोणीही पोटात घालू नये.

मी इथे थांबतो. सिस्टर कगेहाच्या इस्पितळाचा नंबर मी मुद्दाम माझ्याच पत्रिकेमागे ठेवलाय. त्या इस्पितळात अजून एक खाट चालू आहे, आणि आधी तिथे फोन करून ती बंद करायचीय. मग त्यांनाच सिस्टर कगेहाला बोलवायला सांगायचंय. तिला काय म्हणायचं ते चार दिवस पाठ करतोय, पहिल्या वाक्यापुढे जमलेलं नाही. तुम्ही फोन लावा, मी बाहेर जाऊन ते वाक्य बोलतो.